काटा जूनपासून ७० वरच का थांबलाय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात वर्तकनगरला राहणाऱ्या आणि ऐरोलीला नोकरी करणाऱ्या ४१ वर्षांच्या एका ताईंनी विचारलंय. उंची १५८ सेंटिमीटर. जानेवारीत वजन ७८ किलो होतं, मेअखेरीस ७० वर आलं. आठवड्यातून सहा दिवस व्यायाम करतात, तीन दिवस सोसायटीत झुंबा आणि तीन दिवस पाऊण तास चालणं. जून गेला, जुलै गेला, श्रावण लागला, तरी काटा ७० आणि ७१ च्या मध्येच. थायरॉइडची गोळी चालू आहे. त्या विचारतात, "आता व्यायाम दीड तास करू, की रात्रीचं जेवण बंद करू? की थायरॉइडच अडवतोय?" ओघात आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पावसामुळे उपवनला चालायला जाणं बंद झालं, आता ट्रेडमिलवर चालतात. आणि जूनपासून कंपनीची बस मिळाल्यामुळे ट्रेनची दगदग वाचली.

मी नौपाड्यात एकोणीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय. "व्यायाम चालू आहे, खाणंही तेच आहे, तरी वजन हलत नाही" हे वाक्य माझ्या टेबलासमोर आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतं. ते बोलताना माणसाचा चेहरा कसा होतो हे मला माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, सुरुवात तुमच्या आठ किलोंपासून. ७८ वरून ७० म्हणजे दहा टक्के वजन तुम्ही उतरवलंत, आणि दहा आठवडे ते परत चढू दिलं नाहीत. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला होता, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना दिलेलं उद्दिष्ट होतं सात टक्के वजन आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम. तेवढ्यावर त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुम्ही त्या सातच्या पुढे आहात. हे धीर देण्यासाठी सांगत नाहीये. पुढचं सगळं करताना हातात आलेलं हे वजन जपायचं आहे, ते पणाला लावायचं नाही, म्हणून सांगतेय.

तुमचा प्रश्न "व्यायाम करूनही वजन का कमी होत नाही" असा दिसतो. मी तो वेगळा वाचते. जानेवारीत ज्या खाण्यावर आणि ज्या हालचालीवर तुमचं वजन उतरत होतं, त्याच खाण्यावर आणि हालचालीवर आज ते स्थिर का राहतं? असा विचारला की उत्तर हिशेबात सापडतं.

पण त्याआधी वजन खरंच थांबलंय का, ते बघू. अनेक जण दोन आठवडे काटा हलला नाही की घाबरतात. शरीरातलं पाणी एक-दीड किलोने सहज वरखाली होतं. रात्री पापड-लोणचं जास्त झालं, नवा व्यायाम सुरू करून अंग दुखत असलं, पाळी जवळ आली, की काटा वर जातो आणि त्यात चरबीचा काही संबंध नसतो. पाळी चालू असलेल्या बायकांनी या आठवड्याचं वजन मागच्या आठवड्याशी ताडून बघूच नये, मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडावं. आठवड्यातून तीनदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच फरशीवर ठेवलेल्या त्याच काट्यावर वजन घ्यायचं आणि तिन्हींची सरासरी लिहायची. अशी चार आठवडे सरासरी हलली नाही तरच मी वजन थांबलं असं म्हणते. तुमचे दहा आठवडे झालेत, म्हणजे थांबलंय.

तरी एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, ती म्हणजे कंबर. कळव्याचे एक गृहस्थ माझ्याकडे यायचे. सहा आठवडे वजन जागच्या जागी, म्हणून हिरमुसले होते. टेप लावली तर कंबर चार सेंटिमीटरने कमी. त्यांनी त्याच सुमारास वजनं उचलायला सुरुवात केली होती. काटा थांबलेला, शरीर बदलत होतं. आपल्याकडे कंबरेला जास्त महत्त्व द्यायला हवं, त्याला कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर सारखी दिसणारी दोन माणसं आतून इतकी वेगळी असू शकतात. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या वरची कंबर धोक्याची मानतात. तुमची किती आहे ते मोजा. बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता, श्वास सोडून.

आता हिशेब.

आठ किलोंपैकी पहिले दीड-दोन किलो बहुतेक पाणी असतं. स्नायूंमध्ये आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी केलं की तो साठा घटतो आणि पाणी निघून जातं. जानेवारीत काटा भराभर खाली आला असेल तो त्यामुळे. उरलेले सहा-साडेसहा किलो चरबीचे धरले आणि किलोला ७७०० कॅलरी हा ढोबळ आकडा घेतला, तर पाच महिन्यांत तुमची रोजची तूट सरासरी ३०० ते ३५० कॅलरींची होती. सुरुवातीला ती ४०० च्या आसपास असेल, मेपर्यंत २०० वर आली असेल.

कमी का होत गेली? वजन उतरलेलं शरीर चालवायला कमी खर्च येतो. आठ किलोंची पिशवी घेऊन येऊरचा चढ चढा आणि ती खाली ठेवून परत चढा, फरक लगेच कळेल. जानेवारीत ती पिशवी तुम्ही चोवीस तास उचलत होतात, झोपेतसुद्धा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले संशोधक केव्हिन हॉल यांच्या गणितानुसार, कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो. आठ किलोंचे झाले १६० ते २४०. म्हणजे तुमची अर्धी तूट तुमच्या यशानेच खाल्ली.

उरलेल्या दोनशेतले शंभर कुठे गेले, ते तुम्हीच लिहिलंय. कंपनीची बस. आधी तुम्ही घरातून निघून टीएमटीची बस किंवा रिक्षा पकडत होतात, ठाणे स्टेशनचा पूल चढून नऊ-दहा नंबरच्या फलाटावर जात होतात, ऐरोलीला उतरून ऑफिसपर्यंत चालत होतात. संध्याकाळी तेच उलटं. माझ्याकडे येणाऱ्या, अशा प्रवास करणाऱ्यांचे मोबाइल आम्ही बघतो, तेव्हा नुसत्या प्रवासात तीन हजारांच्या आसपास पावलं सापडतात. ७० किलोच्या माणसाला तीन हजार पावलांना साधारण ८० ते १०० कॅलरी लागतात. ती पावलं व्यायामाच्या वहीत कधी लिहिलेलीच नसतात, त्यामुळे गेली तेव्हा कळली नाहीत. दगदग वाचली याचं मला वाईट वाटत नाही. गर्दीच्या वेळची ट्रान्स-हार्बर लोकल मी स्वतः केली आहे. पण दगदगीबरोबर चालणंही गेलं.

ट्रेडमिलचंही तसंच. उपवनच्या तळ्याकाठी चालताना तुम्ही हात हलवत चालत होतात. ट्रेडमिलवर बहुतेक जण समोरची दांडी धरतात, आणि दांडी धरली की अंगाचा थोडा भार हातांवर जातो, श्रम कमी होतात. पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका. पाऊण तासाला ३०० कॅलरी दिसल्या तरी बसून राहण्यापेक्षा जास्तीचा खर्च तुमच्या वजनाला आणि साध्या चालीला दीडशेच्या आसपास असतो.

आता बाजू खाण्याची. इथे मी जपून बोलते, कारण "तुम्ही जास्त खाताय" हे ऐकलं की माणसाला आपल्यावर खोटेपणाचा आळ आला असं वाटतं. तसं मुळीच नाही. हॉल यांच्याच एका अभ्यासात मधुमेहाची अशी गोळी घेणारे लोक होते, की जिच्यामुळे लघवीतून रोज थोडी साखर बाहेर पडते. कॅलरी जातायत हे त्यांना कळत नव्हतं. तरीही वजन घटत गेलं तशी त्यांची भूक वाढली, आणि हिशेब निघाला तो असा की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीर रोज सुमारे १०० कॅलरी जास्त मागतं. तुमच्या आठ किलोंना म्हणजे आठशे कॅलरींची जादा मागणी आहे, आणि ती तुम्ही रोज परतवून लावताय. ही मागणी पोटात कावळे ओरडावेत तशी येत नाही. भाताचा हात थोडा सैल पडतो. मुलाच्या ताटातला घास उचलला जातो. चपातीला तेलाचं बोट जरा जास्त फिरतं. शंभर कॅलरी भरून यायला एवढं पुरतं.

१९९२ साली न्यूयॉर्कमध्ये दहा जणांवर झालेला एक अभ्यास मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते. १२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी त्या दहा जणांची तक्रार होती. तपासलं तर त्यांच्या शरीराचा खर्च अगदी नेहमीसारखा निघाला. ते आपलं खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. ती माणसं प्रामाणिक होती. आपल्या स्वयंपाकाच्या पद्धतीत तर मोजणं आणखी अवघड आहे, कारण कॅलरी ताटात दिसत नाहीत, त्या फोडणीत असतात.

म्हणून मी कॅलरी मोजायचं अ‍ॅप शेवटी देते आणि तेलाचा पुडा आधी. नवा पुडा फोडाल तेव्हा त्यावर मार्करने तारीख लिहा. संपेल त्या दिवशीची तारीख लिहा. एक लिटर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम, ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ८२०० च्या जवळपास. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर संपत असेल तर माणशी रोज ३० ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी, फक्त तेलाच्या. पाच लिटर संपत असेल तर ३४० च्या आसपास. तळणीचं उरलेलं तेल टाकत असाल तर तेवढं वजा करा. तूप, लोणी, दाण्याचं कूट आणि खोबरं यात धरलेलंच नाही. मी घरोघरी पाहिलंय की भाजी करणाऱ्या बाईंच्या हातातली पळी ही घरातली सगळ्यात मोठी गोष्ट असते. चार लिटरचे तीन केले की कोणाच्या ताटातला एकही पदार्थ कमी न होता माणशी साठ-सत्तर कॅलरी वाचतात. पहिला आठवडा घरचे कुरकुरतात, मग सवय होते. पळीऐवजी पोह्याचा चमचा तेलाच्या भांड्यात ठेवा, एवढ्याने सुरुवात होते.

कूट आणि खोबरं सोडा असं मी सांगत नाही. मी स्वतः कुटाशिवाय काकडीची कोशिंबीर खाऊ शकत नाही. पण मोजून घाला. शेंगदाणे १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी देतात. श्रावणातल्या सोमवारची साबुदाण्याची खिचडी हा याचाच भाग. साबुदाणा, कूट, बटाटा आणि तूप मिळून एक भरलेली ताटली पाचशेच्या पुढे सहज जाते आणि त्यात प्रथिनं फार थोडी असतात. उपास श्रद्धेने करत असाल तर जरूर करा. वरीचे तांदूळ मोजून, दाण्याची आमटी पातळ, सोबत वाटीभर दही, आणि एक फळ. उपासाच्या दिवशी वजन उतरतं हा हिशेब तेवढा मनातून काढून टाका.

शनिवार-रविवारचं एकच गणित सांगते. पाच दिवस रोज २०० ची तूट, म्हणजे हजार. शनिवारी संध्याकाळी तलावपाळीची चक्कर आणि तिथलं खाणं, रविवारी दुपारचं जेवण आणि चारचा नाश्ता, यात दोन दिवसांत पाचशे-पाचशे जास्त गेले की आठवडा शून्यावर. माणूस मात्र खरं बोलत असतो की मी पाच दिवस काटेकोर असते.

आता तुमच्या दोन पर्यायांकडे येते. दीड तास व्यायाम करू नका. ज्या दिवशी जास्त दमता त्या दिवशी उरलेल्या वेळात शरीर आपोआप कमी हलतं. जिना टाळला जातो, सोफ्यावर पाठ टेकली जाते, भूकही वाढते. हर्मन पॉन्टझर यांनी टांझानियातल्या हाड्झा या शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला होता, २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. दिवसभर चालणाऱ्या त्या लोकांचा एकूण खर्च, शरीराचं आकारमान लक्षात घेतल्यावर, शहरात बसून काम करणाऱ्यांइतकाच भरला. व्यायाम वाया जातो असा याचा अर्थ नाही. हृदयाला, साखरेला, झोपेला, मनाला त्याचा फायदा आहेच, आणि उतरलेलं वजन टिकवायला तर तो फार लागतो. पण एका तासाचा दीड तास केला म्हणून दीडपट चरबी जाईल ही अपेक्षा धरू नका.

रात्रीचं जेवण बंद करण्याबद्दल माझ्या स्वतःच्या चुकीतून सांगते. कामाची पहिली दोन-तीन वर्षं कोणाचं वजन अडकलं की मी खाणं आणखी कमी करायचे. एका पस्तिशीच्या बाईंना मी हजार कॅलरींवर आणलं आणि वर सकाळ-संध्याकाळ चालायला सांगितलं. काटा दीड महिना उतरला. मग केस गळायला लागले, पाळी चुकली, आणि दिवाळीत एकदा खाणं सुटलं ते सुटलंच. मार्चमध्ये त्या आल्या तेव्हा वजन सुरुवातीपेक्षा दोन किलो जास्त होतं आणि त्या माझी माफी मागत होत्या. चूक माझी होती. तेव्हापासून अडकलेल्या माणसाच्या ताटातून मी जेवण काढत नाही.

काढण्याऐवजी घालते. प्रथिनं. तुम्ही मासे खात असाल तर बरंच आहे. तुमच्या वजनाला दिवसाला ७५ ते ८५ ग्रॅम प्रथिनांवर जायचं, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आपल्या साध्या जेवणात ती चाळीस-पन्नासच्या वर जात नाहीत. पातळ आमटीच्या वाटीत चार-पाच ग्रॅम असतात. मोठ्या बांगड्यात वीसच्या आसपास, अंड्यात सहा, ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊ-दहा, २५ ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत बारा-तेरा. तिन्ही वेळा ताटात यातलं काहीतरी ठसठशीत असलं की संध्याकाळी सहाची ती भूक, जी ऑफिसमधल्या बिस्किटांवर जाते, ती शांत होते. मासा तव्यावर चमचाभर तेलात भाजायचा. रवा लावून तळला की हिशेब बदलतो.

आणि सहापैकी दोन दिवस, झुंब्याचा एक आणि ट्रेडमिलचा एक, ताकदीच्या व्यायामाला द्या. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला आणि पुढे ओट्याला हात टेकून दंड, डम्बेल घेऊन वाकून ओढणं, जिन्याच्या पायरीवर चढ-उतार. प्रत्येकी दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या, आणि दर दोन आठवड्यांनी भार थोडा वाढवायचा. भार वाढला नाही तर त्याला अर्थ राहत नाही. जिममध्ये सांगतात की स्नायू वाढले की झोपेतही चरबी जळते. खरा आकडा लहान आहे. एक किलो स्नायू आराम करताना दिवसाला सुमारे १३ कॅलरी वापरतो. मी ताकदीचा व्यायाम सांगते तो त्यासाठी नाही. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि चाळिशीनंतर गेलेला स्नायू परत मिळवणं कष्टाचं असतं. उतरतंय ते चरबीतून उतरावं, म्हणून तो.

थायरॉइडबद्दल. गोळी घेऊन टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, योग्य पातळीत असेल तर वजन तो अडवत नाही. उपचार न घेतलेल्या थायरॉइडमध्येही वाढलेलं वजन साधारण दोन ते चार किलोंचं असतं आणि त्यातलं बरंच मीठ-पाणी असतं. तुम्ही शेवटची तपासणी कधी केली ते लिहिलं नाहीत. सहा-आठ महिने होऊन गेले असतील, तर आठ किलो उतरल्यावर एकदा डॉक्टरांना दाखवून परत करा. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा निदान अर्ध्या-पाऊण तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती चार तासांच्या अंतराने. हे पाळलं जात नाही आणि दोष गोळीला दिला जातो. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी औषधं, फिट्सची आणि मानसिक आजारांची काही औषधं यांनी वजन अडू शकतं. यातलं काही चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. घोरत असाल आणि सकाळी डोकं जड राहत असेल तर तेही सांगा. एकेचाळीस वयाला पाळीचं अंतर बदलायला लागलं असेल तर तेही.

झोपेचं एकच सांगते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात त्याच माणसांना तेच कमी जेवण देऊन एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपायला दिलं. वजन दोन्ही वेळा सारखं उतरलं, पण कमी झोपेत त्यातला चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी कमी होता. पहाटे पाचच्या झुंब्यासाठी बारा वाजता झोपत असाल, तर झुंबा संध्याकाळी न्या.

मग पुढचा महिना कसा? पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका, फक्त लिहा. तेलाची तारीख, चहाचे कप आणि त्यातली साखर, मोबाइलमधली पावलं, शनिवार-रविवार वेगळा. दोन चमचे साखर आणि मलईच्या दुधाचा चहा ७०-८० कॅलरींचा होतो. ऑफिसात चार होत असतील तर तिथेच तुमची हरवलेली तूट सापडेल. तिसऱ्या आठवड्यापासून तेल आणि चहातून मिळून दीडशे कॅलरी काढा आणि बसने हिरावलेली पावलं परत आणा. बसच्या दोन थांबे आधी उतरा, किंवा आठवड्यातून दोन दिवस ट्रेनने जा. पाऊस असेल तर जेवल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं चाला, जेवणानंतरची साखरही त्याने खाली राहते. सगळं मिळून २४० च्या आसपास परत आलं तर पहिल्या काही महिन्यांत महिन्याला पाऊण किलोच्या जवळपास उतरेल.

नंतर वेग मंदावेल, आणि ते आत्ताच माहीत असलेलं बरं. हॉल यांच्या २०११ च्या गणितानुसार, रोजच्या खाण्यात कायमची २४ कॅलरींची कपात झाली की शेवटी एक किलो वजन कमी होतं. त्यातलं अर्धं पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळं तीन वर्षांत. म्हणजे २४० कॅलरींचा कायमचा बदल तुम्हाला ७० वरून ६० ला नेऊ शकतो, पण पहिल्या वर्षात पाच किलो आणि पुढचे पाच त्यानंतरच्या दोन वर्षांत. जाहिराती "तीन महिन्यांत" म्हणतात. मी तुम्हाला तीन वर्षं सांगतेय, कारण जे कायमचं जमेल तेच बदला, हे त्यातून आपोआप ठरतं.

हे सगळं आत्ता नको वाटत असेल तर एक वाट आणखी आहे, आणि मी ती अनेकांना देते. पुढे गणपती आहेत, मग नवरात्र, दिवाळी. या काळात उतरवायचं नाही, ७० च्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढंच ठरवा. उकडीचे मोदक आनंदाने खा. ताकदीचे दोन दिवस आणि चालणं सोडू नका. पाच महिने भुकेशी झगडलेल्या माणसाला अशी उसंत मानवते, आणि दिवाळीनंतर ७० वर उभं राहून सुरुवात करणं ७३ वरून करण्यापेक्षा कितीतरी सोपं. कोणती वाट घ्यायची हे तुमच्या घरावर, कामाच्या ताणावर आणि मनाच्या थकव्यावर आहे. ते मला इथून दिसत नाही, तुम्हालाच ठरवावं लागेल.

मला चार गोष्टी कळवा: कंबरेचं माप, शेवटच्या टीएसएचचा आकडा आणि तारीख, मे आणि जुलै महिन्यांतली मोबाइलमधली रोजची सरासरी पावलं, आणि घरात माणसं किती व तेल महिन्याला किती. मे आणि जुलैची पावलं सारखीच निघाली तर बसबद्दलचा माझा अंदाज चुकला, मग आपण ताटाकडे अधिक बारकाईने बघू.